जगाच्या गोष्टी आपल्या ओसरीवर: लहान मुलांसाठी चित्रपुस्तकं आणि लोककथा निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दर शनिवारी शेवटचा तास गोष्टींचा असतो. त्यात घानाचा आठ पायांचा कोळी येतो, जपानचा मोमोतारो येतो, आणि भोपळ्यात बसलेली आपली म्हातारी तर येतेच. त्या तासाबद्दल पालक, अंगणवाडीच्या ताई आणि नवे शिक्षक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. वय साधारण तीन ते आठ धरलं आहे.

पोरांना आधी आपलं गाव तरी कळू द्या. जपान आणि आफ्रिका एवढ्यात कशाला?

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका वडिलांनी हेच विचारलं होतं. त्यांच्या म्हणण्यातला "आधी आपलं गाव" हा भाग मला पूर्ण पटतो. पण चार वर्षांच्या मुलाला नकाशा ठाऊक नसतो. त्याच्या लेखी लातूर आणि टोकियो सारखेच लांब. त्याला भूक कळते, आई घरी नसली की कसं वाटतं ते कळतं, पाऊस कळतो, भावाशी झालेलं भांडण कळतं. एवढ्या शिदोरीवर तो जगातल्या कुठल्याही घरात शिरू शकतो. परके लोक म्हणजे हसण्यासारखं काहीतरी, ही समजूत मुलं मोठ्यांकडून उचलतात. ती घट्ट व्हायच्या आधी गोष्ट पोचलेली बरी.

आणि आपलं गाव तरी कुठे एकटं होतं? धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी वाटांच्या पुस्तकात भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशोब दिला आहे. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीशी खूप मिळतीजुळती मूर्ती इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली. ज्या मातीतून बैलगाड्या समुद्राकडे जात होत्या, तिथल्या मुलांना जग लवकर दाखवलं तर बिघडलं कुठे?

अमेरिकेतल्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली लिहिलं की मुलांसाठी पुस्तक आरसा व्हावं, म्हणजे मुलाला त्यात स्वतःचं जग दिसावं, आणि खिडकीही, म्हणजे दुसऱ्यांचं जग दिसावं. आपल्याकडे बऱ्याच घरांत दोन्ही नसतात, म्हणून मी दोन्ही मागते.

सुरुवात कोणत्या गोष्टीनं करावी?

भोपळ्याच्या म्हातारीनं.

आपली म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा आणि वाघ भेटतात, ती म्हणते, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा." परत येताना भोपळ्यात बसते आणि चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. ही गोष्ट मुलांच्या तोंडपाठ असते. तेवढं झालं की मी सांगते, इराणमध्ये पण एक आजी आहे. तीसुद्धा लेकीकडे निघते. तिला लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, आणि तीसुद्धा गडगडत्या भोपळ्यात बसून परत येते. बंगालमध्ये म्हातारी नातीकडे जाते आणि येताना दुधी भोपळ्यात बसते. तिला तर तिचे कुत्रे येऊन सोडवतात.

पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तिकडच्या आजीला आपली आजी माहीत हाय का?" मला त्या तासाला दुसरं काही शिकवायचं उरलं नाही.

लांबची संस्कृती शिकवायची तर मुलाच्या ओळखीच्या गोष्टीचं परदेशातलं भावंड शोधायचं. मग जे वेगळं आहे ते मुलं स्वतःच टिपतात. इराणमध्ये लांडगा का? तिकडे तूपरोटीच्या जागी काय खातात? प्रश्न त्यांचे असतात, त्यामुळे उत्तर लक्षात राहतं.

चंद्रावरचा ससा अशीच दुसरी वाट. जातककथेत ससा भुकेल्या पाहुण्यासाठी स्वतःला आगीत झोकून देतो आणि इंद्र त्याचं चित्र चंद्रावर काढतो. चीनमध्ये तोच ससा खलात औषध कुटतो, जपान आणि कोरियात तांदळाचा गोड पदार्थ कुटतो. आणि हजारो मैल दूर मेक्सिकोतल्या जुन्या लोकांनाही चंद्रावर ससाच दिसला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सांगा. आदल्या रात्री मुलांना "अंगणात जाऊन नीट बघून या" एवढंच सांगायचं.

दुकानात किंवा पुस्तक प्रदर्शनात चित्रपुस्तक हातात घेतल्यावर तुम्ही काय बघता?

आधी शब्द वाचतच नाही. पानं उलटत फक्त चित्रं बघते, कारण मूलही तेच करणार आहे. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, दोन मिनिटांत होतं. नुसत्या चित्रांवरून गोष्टीचा धागा लागला पाहिजे.

मग माणसं काय करताहेत ते बघते. ती नुसती रंगीत कपडे घालून नाचताहेत, की भांडी घासताहेत, शेळी हाकताहेत, बसची वाट बघताहेत, आजारी बाळाच्या उशाशी बसली आहेत? नुसती नाचणारी माणसं मला नकोत. कुठल्याच देशातले लोक दिवसभर नाचत नाहीत. चेहरे बघते: सगळ्या चिनी माणसांना एकच चेहरा आणि डोळ्यांच्या जागी दोन तिरक्या रेघा असतील, तर चित्रकारानं चिनी माणूस बघितलेला नाही. काळ्या रंगाची माणसं कायम गरीब, कायम रानात, कायम गोऱ्या माणसाकडून मदत घेणारी असतील तर पुस्तक परत ठेवते, किंमत कितीही कमी असो.

घरातल्या बारीकसारीक वस्तू मला सगळ्यात जास्त सांगतात. मेक्सिकोवरच्या एका पुस्तकात चूल होती, चुलीशेजारी दगडी पाटा होता आणि आजी दोन्ही हातांत मक्याचा गोळा थापत होती. माझ्या वर्गातली मुलगी पानावर बोट ठेवून ओरडली, "ही तर भाकरच थापायली की!" तिकडे तिला टॉर्टिया म्हणतात आणि मका खरोखरच दगडावर वाटतात. चित्रकारानं पाटा नीट काढला होता म्हणून हे घडलं. एखादं नुसतं शोभेचं चित्र असतं तर ती मुलगी गप्प बसली असती.

शेवटी मलपृष्ठ आणि आतलं बारीक अक्षर वाचते. गोष्ट कुठल्या लोकांची, कोणत्या भाषेतून आली, पुन्हा सांगणारं कोण, हे लिहिलेलं आहे का? ज्या पुस्तकात हे असतं तिथे बाकीचीही काळजी घेतलेली असते, असा माझा अनुभव आहे.

"आफ्रिकेची लोककथा" एवढंच लिहिलेलं असेल तर चालेल का?

दुसरं काहीच मिळत नसेल तर घ्या, पण गाव तुम्ही शोधा. आफ्रिकेत ५४ देश आहेत. "आशियाची गोष्ट" म्हणून कुणी भोपळ्याची म्हातारी छापली तर आपल्याला कसं वाटेल?

अनान्सी कोळ्याच्या गोष्टी घानातल्या अशांती लोकांच्या. जगातल्या सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेच्या ताब्यात होत्या. त्या विकत घ्यायच्या तर किंमत होती अजगर, बिबट्या आणि गांधीलमाशा यांच्यासारखे कुणाच्या हाती न लागणारे जीव. अनान्सी गांधीलमाशांवर पाणी शिंपडतो, म्हणतो, "पाऊस आला, या भोपळ्यात शिरा," आणि वरून तोंड बंद करतो. इथे आमची मुलं टाळ्या पिटतात, कारण पुन्हा भोपळा आला. या गोष्टी गुलाम म्हणून पळवून नेलेल्या माणसांबरोबर जमैकापर्यंत गेल्या. त्यांच्याकडून सगळं हिसकावलं गेलं, गोष्टी तेवढ्या राहिल्या. सात-आठ वर्षांच्या मुलांना मी एवढं सांगते, आणि ती ते गांभीर्यानं ऐकतात.

आफ्रिकेचं नाव निघालं की मलिक अंबरचं नावही घ्या. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला नहरीचं पाणी त्यानं दिलं. त्याची कबर खुलताबादला आहे. घाना पश्चिमेला, इथिओपिया पूर्वेला, हे भिंतीवरच्या नकाशावर बोटानं दाखवलं की "आफ्रिका" हा एकच शब्द मुलांच्या डोक्यात आपोआप फुटतो.

अनुवादात परदेशी शब्द तसेच ठेवावेत, की आपले घालावेत?

तसेच ठेवावेत. मोमोतारो ओनींशी, म्हणजे राक्षसांशी, लढायला निघतो तेव्हा बरोबर 'किबी दांगो' घेतो. ते भरडधान्याच्या पिठाचे उकडलेले गोळे. त्यातला एकेक तो कुत्रा, माकड आणि रानकोंबड्यासारख्या पक्ष्याला देतो आणि ते त्याचे सोबती होतात. अनुवादकानं तिथे "बुंदीचे लाडू" लिहिलं की जपान गेलं. "किबी दांगो" म्हणा, मग सांगा, आपल्या बाजरीच्या उंड्यासारखं काहीतरी. मुलांना विचित्र नाव फार आवडतं, दिवसभर तेच घोकत राहतात.

अनुवाद वाईट असल्याची खूण म्हणजे वाचताना जीभ अडखळते. पुस्तक घेण्याआधी एक पान मोठ्यानं वाचा. "त्याने आपल्या हृदयात आनंद अनुभवला" असलं काही आलं तर ठेवून द्या. घरी पुस्तक असेलच तर छापील वाक्य बाजूला ठेवून आपल्या बोलीत सांगा. "कुठं चाललीस गं म्हातारे?" असं लांडग्यानं विचारलं तर इराण काही बिघडत नाही. माणसांची नावं, पदार्थ, गावं तिकडची राहू द्या. बोलण्याचा ठेका आपला असू द्या.

वस्तू माहीत नसेल तर आणून दाखवा. युक्रेनच्या एका लोककथेत बर्फात पडलेल्या लोकरीच्या हातमोज्यात एकेक प्राणी शिरत जातो. आमच्या मुलांनी ना बर्फ पाहिलेला ना हातमोजा. मी भावाचा जुना लोकरीचा मोजा नेला, त्यात चिंचोके भरत गेलो आणि तो कधी फाटतो ते बघितलं. बर्फासाठी गारपिटीची आठवण पुरली. गारा अंगणात साचून पांढरं झालेलं आमच्याकडे सगळ्यांनी बघितलंय.

लोककथांत क्रूरपणा असतो. राक्षस, सावत्र आई, माणूस खाणारा लांडगा. लहान मुलांना सांगावं का?

मांडीवर बसवून सांगायचं असेल तर हो. रशियातल्या बाबा यागाची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते आणि ती मुलं खाते. पाच वर्षांची मुलं ही गोष्ट डोळे झाकून, बोटांच्या फटीतून बघत ऐकतात आणि संपल्यावर "परत" म्हणतात. भीती संपते हे त्यांना गोष्टीतूनच कळतं. म्हणून शेवट कापू नका. झोपवताना मात्र नको, आणि तीन वर्षांच्या मुलाला तर नकोच.

सावत्र आईबद्दल मी जास्त जपते. वर्गात ज्याच्या घरी सावत्र आई आहे असं मूल असतंच. सिंड्रेलाची चिनी बहीण ये शियान हिची गोष्ट नवव्या शतकात लिहून ठेवलेली आहे, म्हणजे फ्रेंच सिंड्रेलाच्या आठेकशे वर्षं आधी. तिला परीच्या जागी माशाची हाडं मदत करतात. गोष्ट सुंदर आहे, पण मी ती सातव्या-आठव्या वर्षापर्यंत मागे ठेवते.

गोष्ट झाल्यावर तात्पर्य विचारायचं का? मुलांना ती भिडली हे कसं कळतं?

तात्पर्य विचारू नका. विचारलं की मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात आणि गोष्ट तिथेच संपते.

जपानच्या किनाऱ्यावर १८५४ साली मोठा भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र गावात शिरला. त्यावर तिकडे एक गोष्ट सांगतात. टेकडीवर राहणाऱ्या म्हाताऱ्याला समुद्र मागे हटताना दिसला. खाली गावात कुणालाच कळलेलं नव्हतं. हाका मारून ऐकू जाणार नाही म्हणून त्यानं कापून रचलेलं स्वतःचं भातच पेटवलं. आग विझवायला सगळं गाव टेकडीवर धावत आलं, आणि लाटेतून वाचलं.

कापून रचलेलं, अजून न मळलेलं पीक. आमच्याकडे त्याला बनीम म्हणतात. त्याच हंगामात आमच्या शिवारात कुणाची तरी सोयाबीनची बनीम रात्रीत जळाली होती आणि मुलं शाळेत येताना ती राख बघत होती. मी "त्यानं आपली बनीम पेटवली" असं म्हटल्याबरोबर वर्ग एकदम गप्प झाला. जून महिन्यापासून जेमतेम चार वाक्यं बोललेला एक मुलगा मागच्या ओळीतून म्हणाला, "सवताची?" मी म्हटलं, हो, स्वतःची. तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "मग वर्षभर खाल्लं काय त्येनं?"

शहरातल्या मुलाला हा प्रश्न पडला नसता. त्या म्हाताऱ्यानं काय दिलं, हे त्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. त्या रात्री मी शोधून वाचलं आणि पुढच्या शनिवारी सांगितलं: ज्यांच्यावरून ही गोष्ट आली ते हामागुची गोर्यो. अंधारात पळणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून त्यांनी रचलेला पेंढा पेटवला होता, आणि नंतर स्वतःच्या पैशानं समुद्राला मोठा बांध घातला. बांधाच्या कामावर गावकऱ्यांनाच लावलं, त्यातून त्यांच्या घरात मजुरी गेली. गोष्ट आणि घडलेली हकीगत यांत थोडा फरक असतो, हेही मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

त्यानंतर विषय किल्लारीवर गेला. जपानमध्ये जुने लोक म्हणत, जमिनीखाली एक प्रचंड मासा आहे आणि तो हलला की धरणी हलते. आपल्याकडे शेषनाग. मुलांनी घरी जाऊन विचारलं आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या, माळवदं कोसळल्याच्या आठवणी घेऊन आली. एका आजीनं नातीला पहिल्यांदाच त्या रात्रीबद्दल सांगितलं होतं. जपानची गोष्ट निवडताना हे माझ्या मनातही नव्हतं.

शाळेत "जगातील देश" अशी वेशभूषा स्पर्धा घ्यावी का?

आम्ही घेतली होती आणि ती चूक होती. एका मुलाला आम्ही "रेड इंडियन" केलं, कावळ्याची पिसं डोक्याला, तोंडावर पट्टे, आणि हात तोंडावर मारत आवाज काढायला शिकवलं. सगळे हसले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या पाचशेहून अधिक वेगवेगळ्या जमाती आहेत, आणि काही जमातींमध्ये पिसांचा मुकुट हा मोठ्या मानानं मिळवायचा असतो, हे मी नंतर वाचलं. उद्या कुणी आपल्या वारकऱ्याचं असं सोंग काढून हसलं तर? आता त्या दिवशी आम्ही एकेका देशातली एकेक गोष्ट सांगतो आणि जमलं तर एखादा पदार्थ करतो. कपडे ज्याचे त्याचे.

फक्त लोककथा सांगितल्या तर मुलांना वाटतं जपानमध्ये सगळे अजून किमोनो घालून फिरतात.

वाटतंच. म्हणून एका लोककथेमागे त्याच देशातलं आजचं एक पुस्तक ठेवा, ज्यात मूल शाळेत जातं, दप्तर हरवतं, पावसात भिजतं.

वर्गात तांड्यावरची, उर्दू बोलणारी, तेलुगू बोलणारी मुलं आहेत. त्यांच्या गोष्टींचं काय?

त्या सगळ्यात आधी. आपल्याकडे एकाच बाकावर बंजाऱ्यांची गोरबोली, दख्खनी उर्दू आणि मराठी बसलेली असते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड. घाना शिकवायला निघालेल्या शाळेत तांड्यावरच्या मुलाला स्वतःच्या भाषेत बोलायला लाज वाटत असेल, तर आपण उलट्या बाजूनं सुरुवात केली आहे.

मी मुलांच्या आज्यांना बोलावते. एका आजीनं गोरबोलीत गोष्ट सांगितली, नातवानं मराठीत. अर्धा वर्ग गोष्ट ऐकत होता आणि अर्धा वर्ग त्या नातवाकडे बघत होता. इतके दिवस गप्प बसणारा मुलगा आज दोन भाषांमधला पूल झाला होता. छापील पुस्तक नसेल तर वर्गानंच करायचं: आठ कोरे कागद मधोमध शिवायचे, चित्रं मुलांनी काढायची, खाली आजीचं वाक्य तिच्या भाषेत आणि मराठीत.

उर्दू घरांतून मुल्ला नसरुद्दीन आयता मिळतो. त्याची कबर तुर्कस्तानात अकशहरला दाखवतात, पण इराणपासून उझबेकिस्तानपर्यंत सगळे त्याला आपला म्हणतात. शेजाऱ्याच्या पातेल्याला पिल्लू झालं म्हणून छोटं पातेलं परत देणारा आणि नंतर मोठं पातेलं वारलं म्हणून सांगणारा हा माणूस सहा वर्षांच्या मुलांना बरोबर कळतो. तुर्की गोष्ट सुरू होते "एक होतं, एक नव्हतं" अशी. आपली "आटपाट नगर होतं." आर्मेनियात गोष्ट संपली की आकाशातून तीन सफरचंदं पडतात. आपली कहाणी साठा उत्तराची, पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. ही सुरुवातीची आणि शेवटची वाक्यं गोळा करायला मुलांना फार आवडतं.

दुसऱ्या धर्मातल्या सणाची गोष्ट सांगितली तर पालक नाराज होतात.

होतात कधीकधी. मी त्यांना तासाला बसायला बोलावते. सणाची गोष्ट सांगताना मी घरातल्या माणसांपासून सुरू करते: कोण पाहुणं येतं, काय शिजतं, लहान मुलांना काय मिळतं. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांसाठी झेंडूची फुलं आणि त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात, असं सांगितलं की आपले पालकच म्हणतात, हे तर आपल्या पित्रांसारखं.

पुस्तकं आणायची कुठून? पैसे नाहीत.

नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आहे आणि मराठीत मिळते. प्रथम बुक्सची पुस्तकं कमी किमतीत मिळतात. त्यांनीच २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात, परवानगी मागावी लागत नाही. तिथली सगळी पुस्तकं सारखी चांगली नाहीत, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे आधी चित्रं बघा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुन्या अंकांत देशोदेशीच्या लोककथा सापडतात. शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी पैसे येतात तेव्हा यादी करायला स्वतः बसा. ठेकेदाराच्या गठ्ठ्यात काय येतं हे सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे.

आणि घरातली जुनी ट्रंक उघडा. सत्तर-ऐंशीच्या दशकात मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं अजून कुणाकुणाकडे आहेत. बर्फाची ती चित्रं बघत आमची एक पिढी वाढली.

वर्षाला दहा चांगली पुस्तकं पुरतात. पन्नास बंद कपाटात ठेवण्यापेक्षा दहा फाटू द्या.

मूल ऊसतोडीला आईबापाबरोबर जाणार आहे. पुस्तक बरोबर द्यावं का?

द्या. दिवाळीच्या आसपास टोळी निघायच्या आधी मी प्रत्येक मुलाला तीन पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देते. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, दिवा नसतो, म्हणून ठसठशीत चित्रांची, कमी मजकुराची. त्यात एक तरी प्रवासाची गोष्ट असते. काही पुस्तकं परत येत नाहीत. जी येतात त्यांच्या पानांवर राखेचे आणि रसाचे डाग असतात, म्हणजे ती वाचली गेलेली असतात. एका मुलीनं मोमोतारोची गोष्ट फडावरच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या मुलांना सांगितली आणि शेवटी ओनींचा मुकादम केला.

व्हिडिओ दाखवला तर?

क्वचित. व्हिडिओ मुलाच्या वेगानं थांबत नाही. पाट्यावर बोट ठेवून ओरडायला पान लागतं.

सहल कुठे न्यावी?

अजिंठ्याला. तिथल्या भिंती म्हणजे माझ्या लेखी आपल्या भागातलं सगळ्यात जुनं चित्रपुस्तक आहे. सतरा क्रमांकाच्या लेण्यात गंगेकाठच्या आंब्यावरचा वानरराजा आहे, जो स्वतःच्या अंगाचा पूल करून आपल्या कळपाला पलीकडे सोडतो. गोष्ट आधी शाळेत सांगून न्या, म्हणजे आत गेल्यावर मुलं चित्रात वानर शोधतात. आत उजेड मंद असतो, डोळ्यांना दोन मिनिटं द्या. सोमवारी लेणी बंद असतात.

येताना पैठणला जाणं झालं तर तिथे गुणाढ्याची कथा सांगा. सातवाहन राजानं त्याची 'पैशाची' नावाच्या जुन्या भाषेतली 'बृहत्कथा' नाकारली, तेव्हा तो रानात बसून एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकत गेला. हरणं, डुकरं, सगळी जनावरं चारापाणी सोडून ऐकत बसली. राजा धावत येईपर्यंत सात लाख श्लोकांतले सहा लाख जळून गेले होते. उरलेल्या लाखातून गोष्टी पुढे कुठे कुठे गेल्या. आमच्या मुलांना दरवेळी एकच जाणून घ्यायचं असतं: जळालेल्या गोष्टी त्या जनावरांना पाठ होत्या का?

पोरगं रोज एकच पुस्तक मागतं. नवीन काही ऐकतच नाही.

तेच वाचा. माझ्या वर्गात अनान्सीचं पुस्तक एका मुलानं जुलैपासून दिवाळीपर्यंत मागितलं. दिवाळीनंतर पहिल्याच शनिवारी तो पुस्तक बंद ठेवून पुढे उभा राहिला आणि त्यानं सगळी गोष्ट सांगितली. त्यात गांधीलमाशा आमच्या शाळेमागच्या लिंबावर होत्या आणि न्यामे आकाशातच होता.